तुमचे प्रश्न : ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघं

सर्वांना सलाम. गेल्या अंकात हिच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, दुसऱ्या स्मरणदिनाला मी एक पानभर लिहिलं होतं, मेळघाटाच्या पायथ्याशी मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात आम्ही १९८१ ते २०१२ काढलेल्या दिवसांबद्दल. त्यावर बरेच प्रश्न आले, संपादकांनी सगळे व्हॉट्सअपवर पाठवले. सगळ्यांना इथे पुरं पडता येणार नाही म्हणून चार घेतो.

काका, बाईंना जाऊन दोन वर्षं झाली तरी तुम्ही लेखात “आम्ही असं करतो, आम्ही तसं करतो” लिहिलंय. सवय म्हणून का? — एक वाचक, श्रीरामपूर

सवय आहेच, पण नुसती सवय नाही. १९८१ ला मला जे पत्र आलं ते माझ्या एकट्याच्या नावाने होतं, पॅरामेडिकल वर्कर म्हणून, पगार माझा, क्वार्टर माझ्या नावावर आणि खाली एक ओळ की पत्नीनेही सेवेत सहभाग घ्यावा अशी अपेक्षा आहे. आता सहभाग म्हणजे काय, तर सकाळची प्रार्थना झाली की ही ड्रेसिंग रूममध्ये, दुपारी जेवायला घरी, परत चारला बायकांचा वॉर्ड. नर्सिंगची दोन वर्षं झाली होती तिची, लग्नामुळे पुढचं सुटलं. नऊ वर्षं तिने हे एक पैसा न घेता केलं, १९९० ला कुठे ड्रेसर म्हणून रजिस्टरला नाव लागलं.

आणि वर्षाचा रिपोर्ट मी लिहायचो. मी इतकी गावं तपासली, मी इतके नवे पेशंट शोधले. माझं अक्षर वाचता येत नाही म्हणून तो फेअर करायला हिच्याकडे द्यायचो आणि तिने ते सगळे “मी” “मी” स्वतःच्या हाताने सुंदर अक्षरात उतरवून काढले, खाली सही माझी. त्यावेळी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही आणि आज ते फार टोचतं. गावात सर्व्हेला गेलं की कुष्ठरोगाचा बधिर चट्टा बघायला पाठ बघावी लागते, आता परक्या पुरुषासमोर कोण बाई पाठ उघडी करेल? ही सायकलच्या कॅरिअरवर बसून यायची, बायकांना आतल्या खोलीत न्यायची, डोळे मिटायला सांगून बॉलपेनचं टोक लावायची आणि कुठं लागलं तिथे बोट ठेव म्हणायची. चट्ट्यावर टोक लागलं आणि बोट हललंच नाही की समजायचं. म्हणजे निम्मं गाव हिनेच तपासलेलं असायचं. मग “मी” कसं लिहू?

दोष कोणाला देत नाही, तेव्हा सगळीकडे असंच होतं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले, येशूच्या जीवनावरचं त्यांचं अपुरं राहिलेलं काव्य ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, त्यामुळे त्या कामात तरी दोघं दिसतात. आमच्या कामातलं काय दिसणार, बँडेज तर दुसऱ्या दिवशी जाळून टाकतात. म्हणून आता मी जिथे लिहीन तिथे आम्ही.

बाई नक्की काय काम करायच्या ते सविस्तर लिहा ना, आमच्या तरुण संघात वाचून दाखवायचंय. — एक वाचक, मिरज

पाय. एका शब्दात सांगायचं तर पाय. मुलांना आधी हे सांगा की कुष्ठरोगाने बोटं झडत नाहीत, रोगाने नस मरते आणि नस मेली की दुखणं कळत नाही, मग काटा टोचला, निखाऱ्यावर पाय पडला, रात्री उंदराने कुरतडलं तरी माणूस झोपलेलाच. जखम चिघळते, हाड सडतं, असं करत करत पाय आखडत जातो. अंजनगावच्या बाजूची एक बाई यायची, चुलीपुढे बसल्या बसल्या टाच भाजली आणि वास आल्यावर कळलं, ती हिला म्हणाली, “पाय जयला तरी मले समजलंच नाई वो बाई.” हिने ते वाक्य घरी येऊन मला सांगितलं आणि त्या रात्री जेवली नाही. ही मूळची नगरची, पण वर्षभरात अशी वऱ्हाडी बोलायला लागली की पेशंट विचारायचे, बाई तुमचं माहेर दर्यापूर का?

काम रोजचं तेच. बादलीत साधं पाणी, त्यात पाय वीस मिनिटं, मग घट्टा वजरीने हळूहळू घासायचा, घाई केली तर रक्त येतं आणि समोरच्याला कळणारही नाही, मग ओल्या पायालाच तेल. हे स्वतः करायचीच, पण तिचा खरा जोर होता पेशंटला शिकवण्यावर, कारण तो घरी गेला की तिथे ड्रेसर नाही. मग चपलांचं माप. आतून मऊ काळं रबर असलेली ती एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबरची) चप्पल, तिला खिळा एकही नसतो आणि मागे पट्टा असतो, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही. जुन्या वर्तमानपत्रावर पेशंटला उभं करायचं, पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती फिरवायची, जिथे जखम होऊन गेली तिथे फुली मारायची, बाजूला नाव, गाव, तारीख. पेशंट तिला ‘पायवाली बाई’ म्हणायचे.

गोळ्यांचंही सांगतो. आधी डॅप्सोन होती, वर्षानुवर्षं घ्यायची, लोक कंटाळायचे. मग तीन औषधांची एमडीटी आली, जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ लाच ती सुचवली होती, आणि पाकिटावर दिवस मोजून गोळ्या घेतल्या की रोग संपतो हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. पण त्यातल्या क्लोफॅझिमिनने कातडी काळपट पडते आणि लग्नाच्या वयाच्या मुली गोळ्या बंद करायच्या. ही त्यांच्या घरी जायची. आईशी नाही, मुलीशी बोलायची, रंग परत येतो गं पण बोटं परत येत नाहीत.

२००५ च्या शेवटी देशात कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं, दवाखान्यात पेढे वाटले आम्ही. हिने पेढा खाल्ला आणि ड्रेसिंगला गेली, ज्यांचे पाय बधिर झाले ते बधिरच होते ना. आजही देशात वर्षाला लाखाच्या आसपास नवे पेशंट सापडतात हे तरुण संघाला जरूर सांगा.

आणि एक. नवऱ्याने टाकलेल्या बायका वॉर्डात कायम असायच्या, कायद्यातच तशी सोय होती, कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरलं जायचं, हिंदू विवाह कायद्यात आणि आपल्या ख्रिस्ती लोकांच्या कायद्यातसुद्धा. २०१९ ला ते काढलं. तेव्हा आम्ही रिटायर होऊन सात वर्षं झाली होती, हिने पेपरातली बातमी मोठ्याने वाचली, मग एकेकीचं नाव घेत बसली, ही असती तर, ती असती तर. बोटांवर मोजून अकरा नावं घेतली, मी ऐकत होतो.

सेवा ठीक आहे, पण शेवटी हेतू धर्मप्रसाराचाच होता ना? — एक वाचक, अकोला

प्रश्न सरळ विचारलात ते बरं केलंत. आमचा प्रभू येशूवर विश्वास आहे आणि आम्ही तो कधी लपवला नाही. ओपीडीच्या आधी प्रार्थना व्हायची, टिळकांचं एखादं भजन व्हायचं, ज्याला बसायचं तो बसायचा, काही जण बाहेर कडुनिंबाखाली विड्या ओढत थांबायचे आणि नंबर त्यांचाही तसाच लागायचा. गोळी आणि पट्टी यावर कसलीही अट नव्हती. वॉर्डात एक माळकरी आजोबा होते, आषाढीला जाता येत नाही म्हणून रडायचे, त्या दिवशी हिने त्यांना साबुदाण्याची खिचडी करून नेली होती. मला एवढंच सांगता येतं.

माझी पत्नी सहा महिन्यांपूर्वी प्रभूकडे गेली. आम्ही दोघं मिळून वीस वर्षं चर्चचं संडे स्कूल घ्यायचो. आता त्या वर्गात पाऊल टाकवत नाही. पाळकसाहेब म्हणतात परत सुरू करा. काय करू? — एक वाचक, जालना

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सहा महिने म्हणजे काहीच नाहीत हो. पाळकसाहेबांना नम्रपणे सांगा की थोडं थांबा. मी पहिलं वर्ष हिची ट्रंक उघडली नाही, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बायकांच्या बाजूला बघायचो नाही, उपासना संपायच्या आधी उठून यायचो.

मग मागच्या पावसाळ्यात झालं असं की मला शुगर आहे, डॉक्टरांनी तळव्याला ती नायलॉनची बारीक तार लावून बघितली. मी स्वतः हजारो लोकांच्या पायाला असंच टोचून बघितलेलं, आणि मला डाव्या पायाला दोन ठिकाणी लागलंच नाही. घरी आलो, बादली भरली आणि वजरी शोधायला म्हणून पहिल्यांदा तिची ट्रंक उघडली. वजरी होती, फडक्यात गुंडाळलेली. खाली पिवळी पडलेली वर्तमानपत्रं, घड्या घातलेली, आणि त्यांच्यावर पाय. शे-सव्वाशे असतील, पेन्सिलीने काढलेले, कोणाला तीनच बोटं, कोणाला पुढचा भागच नाही, प्रत्येकापाशी तिच्या अक्षरात नाव आणि गाव. फुलीसुद्धा तिने हलक्या हाताने मारलेली. मी जमिनीवर बसून संध्याकाळपर्यंत ते कागद बघत होतो, पाणी गार होऊन गेलं.

तेव्हापासून रोज पाय भिजवतो, तिचा पावडरचा छोटा आरसा खाली धरून तळवा बघतो. आता दर रविवारी उपासनेनंतर देवळाच्या ओट्यावर आमच्या मंडळीतली शुगरवाली सहा-सात म्हातारी माणसं बसतात, त्यांचेही बघतो. वर्तमानपत्र, पेन्सिल, फुली. हे मी ठरवून सुरू केलं नाही, एका आजींनी चप्पल काढून पाय पुढे केला आणि माझे हात आपोआप गेले.

तुम्ही वर्ग घ्यायची घाई करू नका. पण एखाद्या रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसा आणि मुलांना नुसतं विचारा, बाई कुठपर्यंत आल्या होत्या? मुलं अचूक सांगतात. वाटलं तर तिथून पुढे घ्या, नाही वाटलं तर ऐकून घरी या.

माझा नंबर संपादकांकडे आहे, जरूर फोन करा. चार ते पाच मी बादलीत पाय घालून बसलेलो असतो, पण तेव्हा केलात तरी चालेल, हात मोकळेच असतात.