ज्येष्ठ खासदाराचं सभागृहातलं मतदान आणि बाहेरचं बोलणं जुळतं का, हे कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की तुमचे खासदार इतकी वर्षं निवडून येतायत, सभांमधून एक बोलतात, पण संसदेत कुठलं बटण दाबतात ते कळायला मार्ग आहे का? अमेरिकेत प्रत्येक सिनेटरचं मत घरबसल्या दिसतं, मग आपल्याकडे का नाही?

मार्ग आहे. पण तुम्हाला वाटतं तेवढं त्यातून हाती लागत नाही. आणि जे लागतं ते त्या माणसापेक्षा त्याच्या पक्षाबद्दल जास्त सांगतं.

मी बरीच वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर होतो. लोकसभा निवडणूक आली की विद्यमान खासदाराचं 'प्रगतिपुस्तक' करायचं काम माझ्या गळ्यात पडायचं. हजेरी, प्रश्न, खासगी विधेयकं हे सगळं पीआरएस या संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर आयतं मिळतं. (मंत्री हजेरीवहीत सही करत नाहीत, त्यामुळे त्यांचा रकाना रिकामा असतो. त्यावरून 'मंत्रिमहोदय गैरहजर' अशी बातमी करू नका, लोकांनी केलेली आहे.) एका वर्षी मला वाटलं, मतदानही घालू या. लोकसभेच्या चर्चेच्या इतिवृत्तात मतविभागणीची, म्हणजे कुणी कुठल्या बाजूने मत दिलं त्याची नावानिशी यादी सापडली, त्यात आमच्या ज्येष्ठ खासदारांचं नाव नव्हतं. मी ठणठणीत चौकट केली : महत्त्वाच्या विधेयकाच्या मतदानाला दांडी. सकाळी नऊला त्यांच्या स्वीय सहायकाचा फोन. आवाज अगदी शांत. "साहेब त्या विधेयकावर बोललेत हो. आणि विधेयकावर मतदान झालंच कुठे?" पुन्हा यादी काढली. ती विरोधकांच्या एका दुरुस्तीवरची होती. मूळ विधेयक आवाजी मतदानानेच पार पडलं होतं. दुसऱ्या दिवशी पान दोनवर खुलासा छापला, तोही मीच लिहिला.

तर पहिली अडचण ही. आपल्याकडे बहुतेक कामकाज आवाजी मतदानाने होतं. अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, बाजूचे 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, अध्यक्षांच्या कानाला जे मोठं वाटेल ते जाहीर होतं. कोण काय ओरडलं याची नोंद कुठेच नसते. कुणी हरकत घेऊन मतविभागणी मागितली तरच नावं कागदावर येतात.

आणि नेमकं जिथे नावं हवी असतात तिथे ती नसतात. १२ नोव्हेंबर २०१४ आठवून बघा. विधानसभेत फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव होता, भाजपकडे स्वबळावर बहुमत नव्हतं आणि राष्ट्रवादीने निकालाच्या दिवशीच बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणीसाठी ओरडत राहिले. राष्ट्रवादीच्या एकेका ज्येष्ठ आमदाराने त्या दिवशी काय केलं, हा महाराष्ट्राच्या राजकारणातला केवढा मोठा प्रश्न! त्याचं नावानिशी उत्तर कुठल्याही दप्तरात नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकांचंही तेच झालं. उलट ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या ठरावावर शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९, म्हणून त्या दिवसाचा हिशेब आजही देता येतो.

मग नोंद हमखास कुठे मिळते? घटनादुरुस्तीत. तिथे हजर असून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्य बाजूने लागतात, त्यामुळे मोजणी करावीच लागते. पण गंमत बघा. २०१६ चं जीएसटीचं विधेयक लोकसभेत ४४३ विरुद्ध शून्य. मागासवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार परत देणारी २०२१ ची दुरुस्ती ३८५ विरुद्ध शून्य. २०२३ चं महिला आरक्षण ४५४ विरुद्ध २. म्हणजे जिथे नाव छापलं जातं तिथे सगळेच एका बाजूला. आरक्षणावर गावोगाव वेगवेगळी भाषणं ठोकणारे नेते त्या यादीत एकाखाली एक गुण्यागोविंदाने बसलेले दिसतात. महिला आरक्षणाच्या विरोधातले ते दोघे म्हणजे असदुद्दीन ओवैसी आणि आपल्या औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळी तरतूद नाही, हे कारण त्यांनी उघडपणे सांगितलं होतं. पटो न पटो, बोलणं आणि मत जुळलं.

यादी वाचायला शिकणं हे वेगळंच काम. मतविभागणीची घंटा साडेतीन मिनिटं वाजते, मग दारं बंद होतात. यंत्रावर हिरवं बटण 'होय', लाल 'नाही', पिवळं तटस्थ. पण यंत्राचा आकडा हा शेवटचा आकडा नव्हे. इतिवृत्तात यादीच्या तळाला बारीक टाइपात टीप असते : अमुक सदस्यांनी चिठ्ठीने मत नोंदवलं, तमुकांनी चिठ्ठी देऊन मत दुरुस्त केलं. मुरलेले खासदारसुद्धा चुकीचं बटण दाबतात. तळटीप न वाचता 'आमच्या खासदाराने पक्षाविरुद्ध मत दिलं' असं कुणी फिरवत असेल तर आधी ती बघा.

दुसरी अडचण व्हिपची, म्हणजे पक्षादेशाची, आणि अमेरिकेशी तुलना इथेच कोसळते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षादेश मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किहोतो होलोहन खटल्यात कायदा वैध ठरवताना पक्षादेशाची ही धार सरकारच्या अस्तित्वाच्या आणि मोठ्या धोरणाच्या प्रश्नांपुरती असावी असं सुचवलं, पण पक्ष काय, कशावरही व्हिप काढतात. तेव्हा तुमच्या खासदारांचं मत हे बहुतेक वेळा त्यांचं नसतंच. त्यावरून त्यांना शाबासकी किंवा शिव्या देणं म्हणजे पोस्टमनला पत्रातल्या मजकुराबद्दल जाब विचारण्यासारखं आहे. सैफुद्दीन सोझ यांच्यासारखे विरळा. १७ एप्रिल १९९९ ला त्यांनी आपल्या, म्हणजे जम्मू-काश्मीरच्या नॅशनल कॉन्फरन्स पक्षाचा आदेश मोडला, वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं आणि सोझ पक्षाबाहेर गेले.

आता ज्या उदाहरणामुळे मी नुसतं मत बघून माणूस ठरवणं सोडलं, ते सांगतो. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ ने मंजूर झालं. तो एक कोण? शेतकरी संघटनेचे शरद जोशी. नुसता तक्ता बघणारा म्हणेल, महिलाविरोधी. पण १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवणारे हेच. 'लक्ष्मीमुक्ती' म्हणत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करून द्यायला लावणारेही हेच. त्यांचा आक्षेप राखीव मतदारसंघ फिरते ठेवण्याच्या पद्धतीवर होता. दर वेळी मतदारसंघ बदलला तर निवडून आलेली बाई तिथे पाय कसे रोवणार? तुम्हाला हा युक्तिवाद लटका वाटू शकतो, मलाही तो पुरता पटलेला नाही. पण त्यांचं आधीचं काम आणि बोलणं माहीत नसेल तर त्या एका आकड्याचा अर्थ नेमका उलटा लागतो.

माझ्या अनुभवात नेत्याबद्दल सगळ्यात जास्त सांगतं ते मत नव्हे, सभात्याग. डिसेंबर २०१२ मध्ये किरकोळ विक्री क्षेत्रातल्या परकीय गुंतवणुकीवर लोकसभेत मतदान झालं. मुलायमसिंहांची समाजवादी पार्टी आणि मायावतींची बसप, दोघांचाही तोंडी विरोध. मतदानाच्या वेळी दोघेही बाहेर. विरोधकांचा ठराव २१८ विरुद्ध २५३ ने पडला. दोन दिवसांनी राज्यसभेत बसपने थेट सरकारच्या बाजूने मत दिलं. घरचं उदाहरण हवं असेल तर डिसेंबर २०१९. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. विधेयक दोन्हीकडे तेच होतं, मुंबईतली काँग्रेसबरोबरची आघाडी मात्र नुकतीच झालेली होती.

गैरहजेरीबाबत मी हात आखडता ठेवतो. ४ जुलै २०२२ ला अशोक चव्हाण उशिरा पोचले, दारं बंद झाली होती, मत राहिलं. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाजपमध्ये गेले तेव्हा लोकांनी ती उशिराची मिनिटं पुन्हा उकरून काढली. संशय घ्यायला हरकत नाही, पण तो पुरावा नव्हे.

शरद पवारांचं कृषी कायद्यांचं प्रकरणही असंच सावकाश वाचावं लागतं. राज्यसभेत विधेयकं आली त्या दिवशी ते सभागृहात नव्हते. निलंबित खासदारांना पाठिंबा म्हणून त्यांनी नंतर एक दिवसाचा अन्नत्याग केला. मग कृषिमंत्री असताना त्यांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेली, बाजार समिती कायद्यात बदल करा सांगणारी पत्रं बाहेर आली आणि 'बघा, पलटले' असा गजर झाला. पत्रं खरी आहेत. पण ती राज्यांना आपापला कायदा बदला म्हणणारी होती, आणि २०२० चे कायदे केंद्राने थेट केले होते. हा फरक पुरेसा आहे का, यावर भांडा. पण पत्र वाचून भांडा, व्हॉट्सॲपवरच्या एका फोटोवरून नको.

तुमच्या खासदारांबद्दल मी असं करेन. तुम्हाला खरोखर टोचणारे दोन किंवा तीन विषय निवडा, वीस नको. त्या दिवसाचं इतिवृत्त संसदेच्या संकेतस्थळावरून काढा आणि आधी मतविभागणी झाली का, कशावर झाली, ते बघा. मग यादी, तळटीप, आणि त्यांचं त्या विषयावरचं भाषण असेल तर पूर्ण भाषण. शेवटी त्याच आठवड्यातलं स्थानिक वर्तमानपत्र काढा, मतदारसंघात ते काय बोलत होते त्यासाठी. जिल्हा वाचनालयात जुने गठ्ठे असतात. धूळ खूप असते, रुमाल न्या.