वाचकांचे प्रश्न : बाहुली घेऊन बाहेर पडताना

बाहुल्यांच्या बाहेरच्या फोटोंबद्दल नाशिक आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

माझी बार्बी २९ सेंटिमीटर उंच आहे. गोदाघाटाच्या पायरीवर तिला उभं करून मागे देवळं येतील असा फोटो काढते. चेहरा छान येतो, पण बघणारा लगेच म्हणतो, ‘पायरीवर खेळणं ठेवलंय.’ ती तिथे फिरायला आली आहे असं का वाटत नाही? (सिडको)

उभ्याने किंवा नुसतं वाकून फोटो काढत असाल, तर कॅमेरा बाहुलीकडे वरून पाहतो आणि वरून पाहिलेली वस्तू लहानच वाटते. म्हणून पहिला सल्ला सगळेच देतात : कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. सल्ला बरोबर आहे, पण तेवढ्याने भागत नाही. पायरीवरच्या बार्बीचे डोळे पायरीपासून साधारण २७ सेंटिमीटरवर असतात. कॅमेरा तिथे आणला की मागचं सगळं जग २७ सेंटिमीटर उंचीवरून टिपलं जातं. कॅमेरा ज्या उंचीवर असतो, त्याच उंचीवर मागच्या प्रत्येक गोष्टीतून क्षितिजरेषा जाते. त्यामुळे मागे उभ्या माणसाच्या पोटऱ्या बाहुलीच्या डोळ्यांच्या रेषेत येतात आणि माणूस राक्षसासारखा वर निघतो. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण त्याच्या डोळ्याला ते खटकतं.

उपाय सोपा आहे. जमीन सोडा आणि बाहुलीला उंचावर उभं करा. कमरेच्या वर, सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा कठडा मिळाला, तर बाहुलीचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर येतात, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास. आता कॅमेरा दीड मीटरवर धरा. मागची देवळं, माणसं, नदीचा दुसरा काठ हे सगळं रोज दिसतं त्याच उंचीवरून दिसेल. शिवाय कठड्याची कड मागच्या माणसांचे पाय झाकते, आणि पाय जमिनीला कुठे टेकतात हेच तर सोंग उघडं पाडत असतं. कठडा नसेल तर ट्रायपॉडवर ४० बाय ३० सेंटिमीटरची फळी पक्की बसवा, तिच्यावर तिथलीच माती आणि कचखडी पसरा आणि मागची कड दोन-चार खड्यांनी मोडा. बाहुली मागच्या कडेच्या जवळ उभी करा. पुढची कड चौकटीबाहेर राहील इतपत फळी कॅमेऱ्याकडे लांब हवी.

दुसरी चूक पार्श्वभूमी पार धूसर करण्याची. माणसाचा पूर्ण फोटो आपण तीनेक मीटरवरून काढतो. त्या अंतरावरून मागचं देऊळ बऱ्यापैकी ओळखू येतं. बार्बीसारख्या १/६ मापाच्या, म्हणजे माणसाच्या सहाव्या भागाएवढ्या बाहुलीसाठी तेच अंतर अर्धा मीटर होतं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स असेल, तर अर्ध्या मीटरवरून एफ/२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप उघडं असताना, जेमतेम एक सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. नाकाच्या शेंड्यावर फोकस गेला तर कानातलं विरघळून जातं. छिद्र लहान करून एफ/८ ला आणलं की हीच खोली चार-साडेचार सेंटिमीटर होते. एवढ्या जवळून मागचा भाग लोण्यासारखा वितळलेला दिसला की ‘ही लहान वस्तू आहे’ असंच डोळा समजतो. त्यामुळे बाहेर एफ/८ ते एफ/११ ठेवा आणि उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढवा. थोडा दाणेदार फोटो चालतो, विरघळलेलं शहर नाही चालत.

तिसरी गोष्ट पायाशी काय पडलंय याची. कडुनिंबाची सहा सेंटिमीटरची पत्ती बार्बीच्या जगात छत्तीस सेंटिमीटरची होते आणि वडाचं पान पाटाएवढं. चिंचेची बारीक पानं मात्र एक-दीड सेंटिमीटरची असतात. ती विखुरली की झाडाखाली खरी पानगळ झाल्यासारखी वाटते. मूठभर चिंचेची पानं आणि चाळलेली कचखडी एका डबीत कायम जवळ ठेवा.

एक बाजू मात्र तुमच्या फायद्याची आहे. सूर्य कुठल्याही मापाच्या बाहुलीला सारखाच लागू पडतो. उन्हातल्या सावलीची कड किती मऊ होते हे सावली किती लांब पडते त्यावर ठरतं. त्यामुळे लहान बाहुलीची लहान सावली माणसाच्या सावलीची हुबेहूब छोटी प्रत असते. घरातल्या बल्बखाली हे साधत नाही. म्हणून बाहुलीचे सगळ्यांत खरे वाटणारे फोटो उघड्यावरच निघतात.

फोन जवळ नेला की बाहुलीचं डोकं फुगतं आणि पोर्ट्रेट मोड केस कापतो. कॅमेरा विकत घ्यावाच लागेल का? (गंगापूर रोड)

नाही. डोकं फुगतं कारण फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते आणि ती तुम्ही वीतभर अंतरावर नेता. अर्धा मीटर मागे या आणि २एक्स किंवा ३एक्स झूम वापरा. इथे एक अडचण येते. बऱ्याच फोनची टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स फार जवळचं फोकस करू शकत नाही. अशा वेळी फोन न सांगता मुख्य लेन्सवर जातो आणि चित्र नुसतं कापून मोठं करून दाखवतो. खात्री करायची असेल तर ३एक्स ठेवून टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. पडद्यावर अंधार झाला नाही, तर फोन दुसऱ्याच लेन्समधून बघतोय. हळूहळू मागे सरका, चित्र किंचित उडी मारेल. ती उडी म्हणजे खरी लेन्स सुरू झाली.

मागचा भाग आपोआप धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंदच ठेवा. कमरेवर हात ठेवलेल्या बाहुलीच्या हाताआडची फट त्याला कळत नाही, आणि नायलॉनचे सुटे केस तो भादरून टाकतो. बाहुली जमिनीवरच ठेवायची असेल तर फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येईल.

गंगापूर धरणाच्या बाजूला वारा इतका असतो की बाहुली दर मिनिटाला पडते. स्टँड लावला तर तो दिसतो. (इंदिरानगर)

वाऱ्यात बाहुली पडते ती बहुतेक वेळा केस आणि घेरदार कपड्यांमुळे. हे दोन्ही शिडाचं काम करतात. आधी केसांवर पाण्याचा बारीक फवारा मारून ते बोटांनी बसवा. घागरा असेल तर आतल्या काठाला बारीक शिसाचे मणी किंवा मासेमारीची छोटी वजनं टाचा.

मातीची जमीन असेल तर दोन-अडीच मिलिमीटर जाडीची लोखंडी सळई १० सेंटिमीटर खाली ठोका, वरचं टोक बाहुलीच्या पाठीमागून कमरेपर्यंत येऊ द्या आणि पारदर्शक नायलॉन दोऱ्याने कपड्याच्या आतून बांधा. कॅमेरा समोर असला की सळई दिसत नाही. तिची सावली मात्र दिसते. सूर्य बाहुलीच्या मागे किंवा समोर ठेवा, बाजूला नको.

कातळावर सळई जात नाही. तिथे ब्लू टॅकसारखी चिकट पुट्टी वापरा. आपल्या काळ्या दगडावर कायम धुळीचा थर असतो आणि पुट्टी दगडाला न चिकटता त्या धुळीला चिकटते. जागा ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग वाटाण्याएवढी गोळी प्रत्येक टाचेखाली दाबा. थंडीत पुट्टी कडक होते, आधी मिनिटभर तळहातात मळा. बुटांत निओडिमियमचे चुंबक बसवलेले असतील तर खाली लोखंडी पत्रा ठेवून वर माती पसरा. स्वयंपाकघरातलं स्टीलचं झाकण नेऊ नका, पुष्कळ स्टीलला चुंबक चिकटतच नाही.

रेझिनची जड बाहुली असेल तर कठड्यावर तिला नुसत्या पुट्टीवर कधीही सोडू नका. कमरेला दोरा, आणि दोऱ्याचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात. बोटं सगळ्यांत आधी तुटतात.

नाशिकरोडहून रेल्वेने कोकणात जायचं आहे, मे महिन्यात. ६० सेंटिमीटरची रेझिनची बीजेडी सोबत आहे. कशी न्यावी? (नाशिकरोड)

बीजेडी म्हणजे गोलाकार सांध्यांची, आतून इलॅस्टिकने ओवलेली बाहुली. प्रवासात तिला तीन गोष्टींपासून जपायचं : घासणं, ऊन आणि रंग लागणं.

विग काढा. चेहऱ्यावर फेस कॅप (चेहरा झाकणारं कडक आवरण) घाला. ती नसेल तर पापण्यांना न टेकता कपाळावर आणि हनुवटीवर टेकेल असा फोमचा कंस कापून लावा. पापण्या दबल्या की वाकड्या होतात आणि गोंदातून सुटतात. डोळे आतून पुट्टीने बसवलेले असतात. उन्हाळ्यात ती सैल पडून नजर फिरते, तेव्हा सुटे पुट्टीचे तुकडे जवळ ठेवा. सांध्यांमध्ये पातळ फोम सरकवा, म्हणजे रेझिनवर रेझिन घासणार नाही. सगळ्याला पांढरं, रंग न दिलेलं सुती कापड गुंडाळा. बॅग पायाशी नको, डोक्याशी बर्थवर ठेवा. पर्यायी इलॅस्टिक, एस आकाराचा हुक आणि ते ओढायला जाड तार घेतली तर वाटेत इलॅस्टिक तुटलं तरी सहल बुडत नाही.

रेझिन अतिनील किरणांनी पिवळं पडतं आणि तो पिवळेपणा परत जात नाही. म्हणून किनाऱ्यावर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच बाहेर काढा, दोन फोटोंच्या मध्ये छत्रीखाली ठेवा. बंद गाडीत तर क्षणभरही ठेवू नका. जुन्या व्हिनाइल बाहुल्यांचंही तेच. उष्णतेने आतलं प्लास्टिसायझर (व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य) पृष्ठभागावर येतं आणि अंग चिकट होतं, मग धूळ त्यात रुतून बसते.

गडद कपडे प्रवासात अंगावर ठेवू नका. काळा, लाल आणि निळा जीन्सचा रंग घामट हवेत एका रात्रीत उतरतो. मुक्कामी पोचल्यावर घाला, फोटो झाले की काढा.

गोंदेश्वराच्या देवळाच्या आवारात फोटो काढायचे आहेत. काळ्या दगडापुढे बाहुलीचा चेहरा पांढराफटक येतो. (सिन्नर)

चौकटीत काळा दगड जास्त असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळंच उजळ करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) उणे ०.७ पासून सुरू करा, उणे १ पर्यंत जा. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा. दगड काळा झाला तरी नंतर उजळता येतो. चेहऱ्याचा उडालेला रंग मात्र परत आणता येत नाही.

दुपारी बारा-एकचं ऊन टाळा. नाक आणि भुवयांखाली काळे डाग पडतात. नाइलाज असेल तर वर ट्रेसिंग पेपर धरा आणि खालून पांढऱ्या कार्डाने उजेड परतवा. बाहुलीला ए४ आकाराचा कागद पुरतो, मोठा रिफ्लेक्टर वाऱ्यात तुम्हालाच ओढून नेईल. कार्ड किंचित पुढे आणलं की डोळ्यांत उजेडाचा ठिपका येतो. तो नसेल तर काचेचे महागडे डोळेही विझलेले दिसतात.

गोंदेश्वर आणि पांडवलेणी या दोन्ही जागा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. अशा ठिकाणी ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. त्याऐवजी किलोभर तांदळाची कापडी पिशवी न्या. कॅमेरा तिच्यात रुतून बसतो आणि हव्या त्या कोनात राहतो. बाहुली कोरीव कामावर ठेवू नका आणि त्या दगडाला पुट्टी लावू नका, तेलकट डाग राहतो. कोरीव भिंतीपासून दोन पावलं अलीकडे, आपल्या स्टुलावर बाहुली उभी करा. तेवढ्या अंतरावर नक्षी थोडी धूसर झाली तरी ओळखू येते.

आजीची लाकडी ठकी आहे. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यापुढे तिचा फोटो हवा आहे. (आनंदवली)

ठकीला तुषारांच्या पट्ट्यात नेऊ नका. जुना रंग ओला झाला की फुगतो आणि पापुद्रे निघतात. लाकूड तर आतून तडकतं. ते आठवडाभराने दिसतं, तोवर कारण विसरलेलं असतं. धबधबा मागे लांब राहील अशी कोरडी, उंच जागा शोधा. काठाच्या शेवाळलेल्या कातळावर तर तुम्हीही जाऊ नका.

पाण्याचं एक शास्त्र ध्यानात ठेवा. थेंब लहान करता येत नाहीत. शटर १/१००० सेकंदाला ठेवलं तर उडणारे थेंब बाहुलीच्या मुठीएवढे दिसतात आणि तिचं माप उघडं पडतं. शटर पाव ते अर्धा सेकंद ठेवा. पाणी दुधासारखं वाहील आणि थेंबांचा आकारच उरणार नाही. ठकीला हलणारे केस नाहीत, त्यामुळे एवढ्या वेळात ती हलत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबताना कॅमेरा हलतो.

घरी आल्यावर मऊ कोरड्या ब्रशने झटका, सावलीत वाळू द्या, तेल लावू नका. रंगीत लाकडाला तेल लावण्याची सवय अनेक घरांत आहे, पण त्यावर धूळ बसून चेहरा काळवंडतो.

पंचवटीत झाडाखाली बाहुली ठेवली तर लोक जमतात, एकदा भांडणही झालं. (पंचवटी)

त्यांची शंका समजून घ्या. वडा-पिंपळाखाली, तिठ्यावर किंवा पाण्याकाठी एकटी पडलेली बाहुली दिसली की आपल्याकडे करणीचा संशय येतो. लाल फडकं किंवा लिंबू जवळ असलं तर बघायलाच नको. बाहुली एकटी सोडून मागे जाऊ नका, कॅमेरा हातात आणि दिसेल असा ठेवा, कुणी जवळ आलं की लगेच पडद्यावरचा फोटो दाखवा. बहुतेक जण हसतात आणि दुसरी बाजू सुचवतात. रामकुंडावर जिथे लोक अस्थी घेऊन आलेले असतात, तिथे मात्र कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

द्राक्षबागेत घड हातात घेतलेली बार्बी हवी आहे. (ओझर)

१८ मिलिमीटरचं द्राक्ष तिच्या हातात मोठ्या संत्र्याएवढं दिसेल, घड तर कमरेपर्यंत येईल. त्याऐवजी घड मागे, मीटरभर लांब ठेवा आणि तिच्या टोपलीत तीन मिलिमीटरचे हिरवे मणी भरा. अठरापैकी तीन मिलिमीटर, म्हणजे सहावा भाग, हे माप बरोबर बसतं. मालकाला आधी विचारा, आणि फवारणी कधी झाली तेही विचारा. ओल्या पानांवरचं औषध कपड्यावर निळसर डाग सोडतं आणि तुमच्याही हाताला लागतं.