ऑनलाइन फँटसी गेममध्ये चांगलं रोलप्ले कशाला म्हणायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पात्राची चार पानी पार्श्वकथा तयार आहे, चिलखतापासून गालावरच्या व्रणापर्यंत सगळं जुळवून आणलंय, तरी रोलप्ले सर्व्हरवरच्या (जिथे खेळाडू आपल्या पात्राच्या तोंडून बोलतात) टॅव्हर्नमध्ये, म्हणजे गेममधल्या दारूच्या गुत्त्यात, तासभर उभं राहून कुणी बोलायला येत नाही. मग चांगलं रोलप्ले म्हणजे नेमकं काय?

मी बरीच वर्षं असल्या सर्व्हरवर खेळते. आधी नेव्हरविंटर नाइट्समध्ये खेळाडूंनीच उभारलेल्या जगांत, नंतर बहुतेक वेळ वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये. माझी कसोटी एकच आहे. तुम्ही एक ओळ टाइप करून एंटर दाबलंत की समोरच्याच्या हातात काही येतं का? उत्तर द्यावंसं, अडवावंसं, खोटं बोलावंसं, निदान टेबल बदलून बसावंसं त्याला वाटतं का? वाटत असेल तर ते चांगलं रोलप्ले, भाषा कितीही साधी असो. वाटत नसेल तर ते लेखन असेल, उत्तमही असेल, पण त्यासाठी दुसऱ्या माणसाची गरज नव्हती.

टॅव्हर्नमध्ये रोज दिसणारा एक इमोट, म्हणजे पात्राची कृती सांगणारी टाइप केलेली ओळ, घ्या: ‘तो अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो. त्याच्या डोळ्यांत शतकांचं दुःख आहे. तो कुणाकडेही पाहत नाही.’ आता मी यावर काय करायचं? दुःख कसलं ते मला दिसत नाही, आणि कुणाकडे पाहत नाही म्हणजे ‘माझ्या वाटेला जाऊ नका’ अशी पाटीच लावली की. त्याऐवजी असं लिहिलं तर: ‘तो खिशातलं पत्र तिसऱ्यांदा उघडतो, उलटसुलट करून बघतो आणि शेजारच्या टेबलाकडे चोरून नजर टाकतो.’ याला वाचता येत नाही हे कुठेही सांगितलेलं नाही, पण शेजारच्या टेबलावरच्या पुरोहिताला ते कळलं. तो वाचून दाखवायला पुढे येईल. चोराचं लक्ष पत्रावरच्या मोहरेकडे जाईल. कुणी खवचट असेल तर हसेल, आणि हसणाऱ्याशी भांडण काढता येतं! दोन्ही इमोटची लांबी जवळपास सारखीच आहे.

म्हणून इमोटमध्ये मनातले विचार लिहू नका. ‘तिला तिच्या मृत भावाची आठवण येते’ हे वाचून माझं पात्र करणार काय? त्याला मनकवडेपण येत नाही. भावाचं नाव कुणी सहज घेतल्यावर तिच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरात आपटला, तर मात्र मला विचारता येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रयत्न लिहा, परिणाम लिहू नका. ‘माझी कट्यार तुझ्या खांद्यात रुतते आणि तू किंचाळत खाली पडतोस’ याला रोलप्लेअर गॉडमॉडिंग म्हणतात, आणि एवढ्या एका ओळीवरून लोक तुमच्याशी खेळणं कायमचं बंद करतात. ‘ती कट्यार खांद्याच्या रोखाने फिरवते’ इथे थांबा. लागली का, किती लागली, किंचाळायचं की दात आवळायचे, हे ज्याचा खांदा आहे तो ठरवेल. हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. त्याची उलटी बाजू मात्र फारसं कुणी बोलून दाखवत नाही: सतत वार चुकवणारा माणूसही तितकाच वैताग आणतो. प्रत्येक वेळी गिरकी घेऊन निसटणाऱ्या एल्फशी लढण्यात काय मजा? दोघांनाही हार घ्यायला जड जात असेल तर फासे टाका. वॉरक्राफ्टमध्ये स्लॅश रोल (/roll) लिहिलं की एक ते शंभरमधला आकडा पडतो आणि तो सगळ्यांना दिसतो. मग कुणाचा अहंकार मधे येत नाही.

हरण्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण चांगला आणि बरा रोलप्लेअर यांच्यातला फरक मला इथेच दिसतो. माझं एक पात्र, बुटक्या जमातीतली एक ड्वॉर्फ, नकाशे काढायची. एका द्वंद्वात फासे फिरले आणि तिचा उजवा हात निकामी झाला. गेमच्या यंत्रणेत याला काही अर्थ नव्हता. जादूने बरं करणारे पैशाला पासरी, कुणीही क्षणात हात जोडून दिला असता. मी आणि माझ्या गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या संघाने, ठरवलं की हा हात असा बरा होणार नाही. मग तिला नकाशे सांगून काढून घ्यावे लागायला लागले. एक तरुण एल्फ लेखनिक म्हणून आला. त्याला डोंगर सुंदर काढायचे असायचे आणि तिला ते खरे हवे असायचे. त्यांची रोज जुंपायची. अखेर त्याने शोभेसाठी वळवलेल्या एका नदीमुळे आमची अख्खी तुकडी भलत्याच खोऱ्यात उतरली, आणि पुढचे कित्येक महिने गिल्डला त्या खोऱ्याने कथा पुरवली. हात शाबूत असता तर तिने एकटीने बसून अचूक नकाशे काढले असते. बघणार कोण?

यातूनच तुमच्या चार पानांकडे येते. ती फाडू नका, जवळ ठेवा. पण रंगमंचावर त्यातल्या दोनच गोष्टी न्या. एक, तुमच्या पात्राला आत्ता, आज, काय हवं आहे जे त्याला एकट्याने मिळणार नाही. दोन, तो काय लपवतोय, आणि तेही फारसं नीट लपवता येत नाहीये. गुपित गळकं असावं. कुणालाच कधीच न कळणारं गुपित आणि नसलेलं गुपित यांत समोरच्याच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. शेवटचा वारस, अर्धा ड्रॅगन, मृत्यूवर मात केलेला योद्धा अशा पात्रांची अडचण तीच: त्यांना कुणाचीच गरज पडत नाही. सैन्यातून पळालेला आणि आता वर्दी विकायला गिऱ्हाईक शोधणारा शिपाई त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त खेळला जाईल.

मी हे काही नवं सांगत नाहीये. रॉय ट्रबशॉने १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात पहिलं मड, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचं शब्दांचं जग, सुरू केलं आणि रिचर्ड बार्टलने ते पुढे नेलं. त्याच बार्टलने १९९६ च्या लेखात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: यश कमावणारे, जग धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि इतरांना मारण्यात आनंद मानणारे. रोलप्लेअरला त्याने वेगळा, पाचवा प्रकार मानलं नाही. रोलप्लेचा उल्लेख त्याने माणसांत रमणाऱ्यांच्या खात्यात केला, इतरांशी बोलण्यावागण्याची चौकट म्हणून. नाटकी स्वगतं झाडणाऱ्यांना हे वर्गीकरण रुचत नाही, पण मला ते अगदी बरोबर वाटतं.

आता मेटागेमिंग, म्हणजे खेळाडूला माहीत असलेलं पात्राने वापरणं. वॉरक्राफ्टमध्ये प्रत्येकाच्या डोक्यावर नाव तरंगत असतं. टोटल आरपी थ्रीसारखा गेमला वरून जोडायचा प्रोग्रॅम, म्हणजे अ‍ॅडऑन असेल तर एका क्लिकवर वर्णन वाचता येतं, आणि काही महाभाग त्यात ‘गुप्तपणे व्हॅम्पायर’ असंही लिहून ठेवतात. तरी ओळख होईपर्यंत तुमच्या पात्राला ते नाव माहीत नाही. अनोळखी माणसाला नावाने हाक मारलीत की प्रसंग संपलाच. उलट नाव विचारणं, चुकीचं ऐकणं, खोटं नाव सांगणं हे फुकट मिळालेले तीन प्रसंग आहेत. ते का सोडायचे?

गेमची बंधनंही अशीच वापरायची असतात. वॉरक्राफ्टमध्ये बरीच वर्षं अलायन्स आणि हॉर्ड या दोन शत्रू पक्षांना एकमेकांचं बोलणं समजायचं नाही. हॉर्डमधल्या ऑर्कने काही म्हटलं की अलायन्समधल्या मानवाच्या पडद्यावर अगम्य अक्षरं उमटायची, आणि स्वतः लिहिलेला इमोट पलीकडच्याला फक्त ‘विचित्र हातवारे करतो’ असा दिसायचा. गेममधले तयार हावभाव तेवढे पोचायचे: हात हलवणं, वाकून नमस्कार, रडणं, बोट दाखवणं. मी पाहिलेला सगळ्यात ताणलेला तह अशा मुक्या हावभावांवर झाला. ऑर्कने तीनदा जमिनीकडे बोट दाखवलं, आमच्या सेनापतीला वाटलं तो शस्त्रं खाली ठेवायला सांगतोय, आणि तो सांगत होता की इथे आमची माणसं पुरली आहेत. चॅटमध्ये भाषांतर मिळालं असतं तर हे दोन ओळींत आटोपलं असतं.

जगात जे घडतं ते पात्राच्या स्वभावानुसार खरं मानणं हेही यातच आलं. सप्टेंबर २००५ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये झुल-गुरूब इथल्या हक्कार या बॉसचा, म्हणजे बलाढ्य शत्रूचा, ‘करप्टेड ब्लड’ हा संसर्गजन्य शाप पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत शिरला. प्रोग्रॅममधली ती चूक होती, कुणी योजलेला कार्यक्रम नव्हे. तरी काही खेळाडू धावून जाऊन लोकांना बरं करत राहिले, काही शहर सोडून रानात पळाले, आणि काहींनी मुद्दाम रोग पसरवला. रोगप्रसाराच्या अभ्यासकांनीही पुढे त्याची दखल घेतली. चांगला रोलप्लेअर अशा वेळी ‘सर्व्हरमध्ये बग आहे’ एवढंच म्हणून लॉगआउट करत नाही. माझं भित्रं पात्र यात काय करेल, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो.

लोर, म्हणजे गेमच्या जगाचा इतिहास आणि दंतकथा, याबद्दल थोडक्यात: गावाचं नाव, राजाचं नाव आणि आपल्या जमातीचं कुणाशी वैर आहे, एवढं पुरे. बाकीचं पात्राला माहीत नसणंच स्वाभाविक आहे. लोरचे पहारेकरी वाद घालायला आले तर ‘आमच्या खेड्यात तर असंच सांगतात’ म्हणा. हे उत्तर पात्रालाही शोभतं. पात्राचं नाव मात्र उच्चारता येईल असं ठेवा. आणि इंग्रजी सफाईदार नसेल तर मुळीच काळजी करू नका. वॉरक्राफ्टच्या चॅटमध्ये एका संदेशाला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे लांब वाक्यं तशीही तुटतात. शिवाय तुमचा तीन संदेशांचा परिच्छेद तयार होईपर्यंत पाच जण ताटकळलेले असतात. मी तर छोट्या ओळी टाकणाऱ्याशीच खेळणं पसंत करते.

खलनायक करायचा असेल तर आधी विचारा. पात्राच्या बोलण्यात नाही. दुहेरी कंसात, खेळाडू म्हणून: ‘याला पळवून नेलं तर चालेल का? कितपत जायचं?’ छळ, मृत्यू, प्रेमप्रकरण या तिन्ही ठिकाणी हे विचारणं मी सक्तीचं मानते. विचारल्याने थरार जातो असं म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी खेळू नका. माझा अनुभव असा की परवानगी मिळाली की समोरचा उलट जास्त मोकळेपणाने घाबरतो, कारण कुठे थांबायचं ते दोघांना ठाऊक असतं. आणि प्रसंग कडवट झाला असेल तर संपल्यावर कंसातच ‘मजा आली, तुम्ही ठीक ना?’ एवढं लिहायला दहा सेकंद लागतात.

राहता राहिला टॅव्हर्न. सुरुवातीला ती जागाच टाळा असं मी सांगेन. (मून गार्ड सर्व्हरवरच्या गोल्डशायरच्या टॅव्हर्नची अश्लील रोलप्लेसाठीची ख्याती तुमच्या कानावर आली असेलच, तिथे तर अजिबात नको.) टॅव्हर्नमध्ये कुणालाच काही काम नसतं, म्हणून सगळे कोपऱ्यात बसून कुणीतरी येण्याची वाट बघतात. त्यापेक्षा गस्त घालणारं, मालाच्या तांड्याला संरक्षण देणारं किंवा रुग्णालय चालवणारं एखादं रोलप्ले गिल्ड शोधा. तिथे काम आधीच ठरलेलं असतं आणि नवख्याला ‘ही पेटी उचल’ म्हणणारा कुणीतरी असतो. तुमचा व्रणवाला योद्धा पेटी उचलताना कळवळला, तर दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी विचारेल की हे कुठे लागलं. तेव्हा चारही पानं सांगत बसू नका. ‘पायऱ्यांवरून पडलो’ म्हणा, आणि त्यांचा विश्वास बसतो का ते बघा.