स्वतंत्र माहितीपटासाठी शंभर तासांचे चित्रीकरण जमले आहे. संकलन कोठून सुरू करावे?
सर्वप्रथम सगळ्या मुलाखती वेळेच्या नोंदींसह कागदावर उतरवून घ्याव्यात, कारण माहितीपटाची पटकथा बहुतांशी संकलनाच्या टेबलावरच लिहिली जाते आणि त्या कागदांवर खुणा करतानाच कोणते वाक्य कोणत्या दृश्याशी जुळते हे उमगू लागते. माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनी मुंबईतील रमाबाई नगरमधल्या १९९७ च्या पोलीस गोळीबारानंतर ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाचे काम सुमारे १४ वर्षे चालवले, एवढे साहित्य नुसत्या स्मरणावर हाताळता येत नाही. निवडलेली दृश्ये ओळीने लावून केलेली पहिली कच्ची जुळणी तीन-चार तासांची झाली तरी धीर सोडू नये. बोलणाऱ्याचे वाक्य कापताना त्याचा मूळ अर्थ बदलत नाही ना, हे मात्र प्रत्येक कटपाशी तपासावे. माझ्या मते तांत्रिक सफाईहून हे कितीतरी महत्त्वाचे आहे.