एकाच वेक्टरवर हव्या त्या रोगाची लस बसवता येईल का?

बसवता येईल. वेक्टर म्हणजे लसीचं जनुक पेशींत नेऊन सोडणारा विषाणू, एक प्रकारची गाडीच. पण त्याच माणसाला पुन्हा तोच वेक्टर टोचायची वेळ आली की भानगड सुरू होते. पीएचडीची सव्वा वर्षं यातच गेली माझी, म्हणून लिहितोय.

आमचा वेक्टर अडिनोव्हायरस होता, सर्दी-पडशाच्या विषाणूंपैकी एक. ई१ जनुक काढलेला, म्हणजे शरीरात त्याची वाढ होत नाही. वाढवायचा तर ई१ पुरवणाऱ्या एचईके २९३ पेशींत. मोकळ्या जागी आपलं जनुक. पहिल्या डोसला उंदरांत अँटिबॉडीज झकास आल्या. ४ आठवड्यांनी दुसरा डोस दिला, तर ग्राफ जागचा हलेना. सर म्हणाले, "हात बसलेला नाही तुझा, आधी टोचायला शीक." पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा टोचायला सीनियर आणि मला पिंजरे धरायला लावलं. तरी तेच! शेवटी एका रविवारी त्या उंदरांचं सिरम (रक्तातला अँटिबॉडीज असलेला द्रव) मी नुसत्या वेक्टरबरोबर मिसळून पेशींवर टाकलं. वेक्टर आत शिरलाच नाही. मालाचं सोडा, उंदरांनी गाडीच अडवली होती.

सर ग्राफ बघून म्हणाले, "इंटरेस्टिंग." बस्स.

आणि यात नवीन काहीच नव्हतं. अ‍ॅड५ (अडिनोव्हायरसचा ५ नंबरचा प्रकार) वेक्टरवरच्या एचआयव्ही लसीची 'स्टेप' चाचणी २००७ मध्येच थांबवली होती. अ‍ॅड५ विरुद्ध आधीपासून अँटिबॉडीज असलेल्या पुरुषांत लस घेतलेल्यांनाच संसर्ग जास्त झालेला दिसला. कोव्हिडच्या लसीसाठी (आपली कोव्हिशिल्ड) ऑक्सफर्डवाल्यांनी चिंपांझीचा अडिनोव्हायरस उगाच नाही घेतला. रशियाच्या स्पुटनिक कोव्हिड लसीचा पहिला डोस अ‍ॅड२६, दुसरा अ‍ॅड५. इबोलाची लस तर गुराढोरांच्या व्हीएसव्ही विषाणूवर आहे, त्याचं आवरणावरचं प्रथिन काढून इबोलाचं बसवलेलं. माणसांना तो सहसा भेटलेलाच नसतो.

तेव्हा या कामात पडणार असाल तर टोचण्याआधीचं सिरम काढून ठेवा आणि वेक्टरविरुद्धच्या अँटिबॉडीज पहिल्याच दिवशी मोजा. गाईड "गरज नाही" म्हणाला तरी मोजा. तेव्हा तर नक्कीच.

हां, एक राहिलं. कोव्हिशिल्डचे दोन्ही डोस एकाच वेक्टरचे होते, तरी दुसऱ्या डोसनंतर अँटिबॉडीज वाढल्या, आणि मधलं अंतर वाढवल्यावर आणखी चांगल्या. म्हणजे वेक्टर दर वेळी बदललाच पाहिजे असं नाही, अंतरावरही बरंच असतं. आमचं ४ आठवड्यांचं अंतर कोणी ठरवलं होतं, ते माझ्या लॅबच्या वहीत सहीसकट आहे.