तलावातला सल्ला : दम, हात आणि खांदा

प्रश्न : वय ४४. दर रविवारी सिंहगड न थांबता चढतो. पण २५ मीटरच्या तलावात फ्रीस्टाइलची एक लांबी झाली की कठडा धरून दोन मिनिटं धापा टाकतो. ब्रेस्टस्ट्रोक मात्र अर्धा तास सहज होतो. दम कसा वाढवू? – एक वाचक, पुणे

उत्तर : गड न थांबता चढणाऱ्याला दम वाढवायची गरज नाही. तुमचा श्वास सोडायचा राहतो आहे. मोठेपणी पोहायला शिकलेले बहुतेक जण तोंड पाण्यात असताना श्वास रोखून धरतात. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः त्यानेच, ऑक्सिजन संपल्यामुळे नाही. मग तोंड वर आलं की त्या क्षणभरात जुनी हवा सोडायची आणि नवीही घ्यायची. घेणं अर्धवट राहतं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तोंड समोरून आरामात बाहेर येतं, म्हणून तिथे ही चूक झाकली जाते.

छातीइतक्या पाण्यात कठडा धरून उभे राहा. तोंड पाण्यात घाला, मनात तीन मोजेपर्यंत नाकातोंडातून सलग बुडबुडे सोडा, शेवटची हवा जोरात फुंका आणि मान बाजूला वळवून तोंडाने श्वास घ्या. पोहण्याआधी रोज २० वेळा. हे कंटाळवाणं वाटतं, पण निदान दोन आठवडे सोडू नका.

पोहताना डोकं उचलायचं नाही, वळवायचं. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. डोक्याच्या पुढे पाण्याची लाट उठते आणि तिच्या मागे, गालापाशी, खळगा पडतो. तोंडाला हवा तिथेच मिळते. ज्या बाजूला श्वास घेता त्या बाजूचा हात पाण्यात मागे जाऊ लागला की मान वळवा आणि तोच हात हवेतून पुढे येण्याआधी तोंड पुन्हा पाण्यात न्या. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, पाय लोंबतात आणि पुढचा सगळा जोर ते पाय ओढण्यात जातो. नजर तळावरच्या काळ्या पट्टीवर, किंचित पुढे ठेवा.

आता तुमचे पाय. चालणाऱ्या-चढणाऱ्यांचे घोटे बहुधा ताठ असतात. पंजा मागे ताणला जात नाही, आकड्यासारखा पाणी अडवतो, मग कितीही पाय मारा, वेग येत नाही. मांडीचे स्नायू मोठे, त्यांना प्राणवायूही भरपूर लागतो. तुमच्या धापेत त्यांचा वाटा मोठा आहे. लाथ कमरेपासून मारा, गुडघा जरासाच सैल, दोन पायांमधलं अंतर फूटभरापेक्षा जास्त नको. लांब पोहायचं असेल तर दोन हातांच्या एका फेरीला दोनच लाथा पुरतात. घोट्यांसाठी घरी रोज दोन-तीन मिनिटं वज्रासन करा. गुडघे दुखत असतील तर नको. फ्लोट (तरंगणारी फळी) धरून पाय मारताना डोकं वर ठेवायची सवय असेल तर ती मोडा, कारण त्यात पाय बुडवूनच सराव होतो. तोंड पाण्यातच हवं.

सराव असा : २५ मीटर ८ वेळा, मुद्दाम निम्म्या वेगाने, मध्ये ३० सेकंद विश्रांती. आठवी लांबी पहिलीइतकीच शांत झाली की विश्रांती २० सेकंदांवर आणा, मग ५० मीटरला हात घाला. पहिल्या लांबीला जोर लावलात तर पुढच्या सात वाया जातात.

प्रश्न : वय ३८. मालवणला चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या समुद्री स्पर्धेत पुढच्या वर्षी उतरायचं आहे. २५ मीटरला मला ३० हात मारावे लागतात. हात कमी करायला पुढचा हात लांब ताणून थांबते, तरी वेग वाढत नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : थांबू नका. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन आहे; हात थांबला की वेग लगेच पडतो आणि पुढच्या हाताला तो नव्याने उभा करावा लागतो. नुसते हात मोजून फसगत होते. हात आणि सेकंद यांची बेरीज मोजा. ३० हात आणि ३२ सेकंद म्हणजे ६२. थांबत थांबत २५ हात आणि ४० सेकंद झाले तर बेरीज ६५, म्हणजे पोहणं बिघडलं. २६ हात आणि ३१ सेकंद झाले तर खरी सुधारणा.

ती येते पाणी पकडण्यातून. हात पुढे गेल्यावर बहुतेकांचा सरळ हात पाणी खाली दाबतो. त्याने छाती वर उचलली जाते, शरीर पुढे जात नाही. बोटं तळाकडे वळवा, कोपर पृष्ठभागाजवळ राहू द्या आणि तळहातापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग वल्ह्यासारखा मागे न्या, थेट मांडीपर्यंत. हे कळायला २५ मीटर मुठी मिटून, लगेच २५ मीटर बोटं उघडून पोहा, अशा चार जोड्या. मुठी मिटल्या की मनगटापासून कोपरापर्यंतचा हात कामाला लावावाच लागतो.

समुद्रासाठी दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायची सवय आत्ताच लावा, लाट एका बाजूने आली तर उपयोगी पडते. दिशा पाहायला दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढा आणि श्वास नंतर बाजूला वळून घ्या. खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं, तेवढी सोय. समुद्रात सराव एकटीने कधीही करू नका.

प्रश्न : हाताला पॅडल (तळहातावर बांधायची प्लास्टिकची पट्टी) लावून पोहायला लागल्यापासून उजवा खांदा पुढून दुखतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : पॅडल आजच बाजूला ठेवा, हात चुकीचा मारला जात असेल तर ती खांद्यावरचा भार वाढवतात. मग दोन गोष्टी तपासा. हात पाण्यात अंगठ्याने शिरतो का? तसं असेल तर खांदा आत पिळला जातो. मधली बोटं आधी, तळहात खाली असा शिरू द्या. आणि हात डोक्यापुढे मधली रेघ ओलांडतो का? तो खांद्याच्या रेषेतच पडायला हवा. ओलांडणाऱ्याला तो नेहमी सरळच वाटतो, म्हणून कुणाकडून तरी समोरून मोबाइलवर चित्रण करून घ्या. खांद्याबरोबर कूसही वळू द्या, सपाट पडून हात फेकू नका. रात्री त्या कुशीवर झोपताना किंवा हात वर करताना दुखत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, पोहणं नंतर.