घाटातच तापणारी मारुती

प्रश्न : माझी 2004 ची मारुती 800 पुण्यात सिग्नलला कितीही थांबली तरी तापत नाही. साताऱ्याला जाताना खंबाटकी चढायला लागलं की काटा लालजवळ जातो. वॉटर पंप नवा आहे, रेडिएटर धुऊन झाला, मेकॅनिकने थर्मोस्टॅटही (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकला. गळती कुठे दिसत नाही, तरी महिन्याला अर्धा लिटर पाणी लागतं. आता काय बदलू?

उत्तर : आधी काहीच बदलू नका. पंखा बिघडला असता तर गाडी सिग्नललाच तापली असती. भार पडल्यावरच तापते आणि न गळता पाणी कमी होतं, म्हणजे पहिला संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधल्या पातळ सीलवर. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, गॅस्केटच्या बारीक फटीतून जळका गॅस पाण्यात घुसतो आणि पाण्याला रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत ढकलतो. बाटली भरली की ते रस्त्यावर सांडतं. सपाटीवर फट गप्प बसते.

सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि गाडी सुरू करा. पहिले काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. दोन-तीन मिनिटांनंतरही ते येतच राहिले आणि रेस दिल्यावर वाढले, तर गॅस्केट गेलं. झाकण लावून सुरू केल्यावर वरचा होज (इंजिनातून रेडिएटरला जाणारा रबरी पाइप) कोमट व्हायच्या आतच दगडासारखा कडक झाला, तरी अर्थ तोच. गरम इंजिनचं झाकण मात्र चुकूनही उघडू नका.

हेड उतरवलंच तर नुसतं गॅस्केट घालून बंद करू देऊ नका. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं. त्यावर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवा, खालून 0.05 मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सरकली तर हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला पाठवा. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) आवळायचे.

बुडबुडे नसतील तर आधी झाकण बदला, ते सगळ्यांत स्वस्त. 0.9 बारचं झाकण शाबूत असेल तर पाणी जवळपास 118 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की वाफ निसटते आणि पाणी घटतं. मग रेडिएटर. ‘धुतला’ म्हणजे बाहेरून की आतून? बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलं असेल तर आतल्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असतात, प्रेशरच्या पाण्याने त्या सुटत नाहीत. गाडी तापवून बंद करा, पंख्याचा कनेक्टर काढा आणि जाळीवरून हात फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर तिथून पाणी वाहत नाही. पितळी रेडिएटर असेल तर रॉडिंग होतं, म्हणजे नळ्यांतून सळई घालून क्षार काढतात. प्लास्टिक टाकीचा असेल तर नवाच घ्या.

आणि थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढल्याने दुखणं गेलेलं नाही, सपाटीवर इंजिन गार राहून पेट्रोल तेवढं जास्त जातंय. जुनाच ठेवला असेल तर पातेल्यात पाण्यासोबत तापवून बघा : साधारण 82 अंशांना उघडायला लागला पाहिजे.